बसून खाणाऱ्याचे पाप कोणाच्या माथी?

श्रीगीतेच्या तिसऱ्या अध्यायात भगवंतांनी यज्ञचक्राचा विचार सांगितला आहे. त्या ठिकाणी, जो काहीही न देता केवळ भोगतो त्याला चोर हा शब्द लावलेला आहे. शब्द कठोर खरा. आम्ही गेली चाळीस वर्षे कीर्तनाच्या निमित्ताने गावोगाव हिंडतो, आणि आमचा अनुभव असा की गीतेतले पुष्कळ शब्द लोक विसरतात, हा मात्र विसरत नाहीत. कारण उघड आहे. हा शब्द शेजाऱ्याला लावता येतो.

आता प्रश्न असा की, एखादा तरुण हातापायांनी धड दिसतो, पण उठत नाही, कमवत नाही, सरकारच्या पैशावर आणि म्हाताऱ्या बापाच्या चुलीवर जगतो, तो या शब्दाचा धनी होतो काय? पंडितांच्या सभेत हा प्रश्न निघाला असता तर आम्ही दोन्ही बाजूंची वचने मांडून मोकळे झालो असतो. परंतु तो आम्हांस विचारला वर्धा जिल्ह्यात, सेवाग्रामच्या आसपासच्या एका गावी, सप्ताहातल्या चौथ्या रात्री, आणि विचारणारा त्या मुलाचा बाप होता.

कीर्तन आटोपले, आरती झाली, माणसे पांगली. एक शेतकरी मांडवाच्या खांबाला टेकून थांबलेला होता. जवळ येऊन पाया पडला आणि म्हणाला, "महाराज, एक इचारू काय? माहा पोट्टा तीस वर्साचा झाला. काई करत नाई. निराधारचे पैसे भेटते त्याले. पोथीत म्हनते, काम न करता खाते तो चोर. मंग मी रोज चोराले वाढतो काय?"

आम्ही म्हटले, "माउली, आधी बसा. हे कधीपासून?"

मग हळूहळू सारे निघाले. मुलगा नववीपर्यंत वर्गात पहिल्या पाचांत. दहावीच्या वर्षी दिवाळीनंतर बोलणे कमी झाले. खेळणे सुटले, मित्र सुटले, रात्र रात्र जागायचा आणि दिवसा भिंतीकडे तोंड करून पडायचा. परीक्षेच्या दिवशी उठलाच नाही. घरच्यांनी समजावले, नातेवाइकांनी टोमणे मारले, कुणी ताईत बांधला, कुणी सांगितले म्हणून बापाने एकदा काठीही उचलली. त्या वर्षी कपाशी गेलेली, घरात कर्जाशिवाय दुसरे बोलणे नाही. कुणाला वाटले पोराने ते मनाला लावून घेतले, कुणाला वाटले अभ्यास टाळतो. दवाखान्यात न्यावे हे कुणाला सुचले नाही. ते सुचले दहा वर्षांनी, तेव्हा डॉक्टरांनी कागद केला, आणि त्या कागदावर पुढे अनुदान सुरू झाले. गावात त्याला आता फुकट्या म्हणतात.

हे सर्व ज्या भूमीवर घडले तिचा विचार आधी केला पाहिजे. सेवाग्राम हे अंगमेहनतीचे क्षेत्र आहे. १९३६ च्या एप्रिलअखेर गांधीजी तेथे राहावयास आले तेव्हा गावाचे नाव शेगाव होते. पत्रे बुलढाणा जिल्ह्यातल्या श्रीगजानन महाराजांच्या शेगावी जाऊ लागली, म्हणून १९४० साली सेवाग्राम हे नाव पडले. आश्रमाच्या एकादश व्रतांत शरीरश्रम हे एक व्रत आहे. भाकरीपुरते तरी प्रत्येकाने हाताने राबावे, हा विचार गांधीजींनी टॉलस्टॉय आणि रस्किन यांच्या वाचनातून घेतला, आणि तोच त्यांना गीतेच्या त्या तिसऱ्या अध्यायात पुन्हा भेटला, असे ते सांगत. धडधाकट माणसाला श्रमाशिवाय फुकट जेवू घालणे आपल्या अहिंसेत बसत नाही, असेही त्यांनी लिहून ठेवले आहे. अन्नछत्रांच्या विरुद्ध बोलणारे लोक हे वाक्य फार आवडीने सांगतात.

परंतु सांगताना धडधाकट हा शब्द गिळतात! सारा न्याय त्या एका विशेषणात आहे. विशेषण काढले की नियमाची लाठी होते.

त्याच आश्रमात परचुरेशास्त्री म्हणून संस्कृताचे एक विद्वान आले. येरवड्याच्या तुरुंगातली गांधीजींची ओळख. त्यांना महारोग जडलेला होता. त्या काळी महारोग्याला गावाबाहेर काढीत, घरचे लोकही दारात उभे करीत नसत. गांधीजींनी त्यांना आश्रमात ठेवून घेतले, आपल्या कुटीपासून जवळच त्यांच्यासाठी झोपडी बांधविली, आणि आपल्या हातांनी त्यांच्या अंगाला तेल लावून मालीश करीत. ती परचुरे कुटी आजही तेथे आहे. शरीरश्रमाचे व्रत सांगणाऱ्या माणसाने या शास्त्र्यांना, तुम्ही आज किती सूत कातले, असे विचारून मग तेल लावले नाही. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्येच महारोग्यांसाठी कुष्ठधाम काढले होते. म्हणजे या परिसराला दोन्ही गोष्टी ठाऊक होत्या. राबणाऱ्याने राबावे, आणि जो पडला आहे त्याच्याजवळ आधी बसावे.

येथे कोणी म्हणेल, महारोग डोळ्यांना दिसतो, या पोराचे काय दिसते? प्रश्न रास्त आहे. म्हणून थोडे शास्त्रात शिरू.

पतंजलींनी योगाच्या मार्गातले अडथळे मोजले आहेत. त्या यादीत व्याधी वेगळी, स्त्यान म्हणजे मनाचे थिजणे वेगळे, आणि आलस्य वेगळे मांडले आहे. पुढच्याच सूत्रात दुःख आणि दौर्मनस्य, म्हणजे मन खचणे, यांची आणखी वेगळी नोंद आहे. सूत्रकार अक्षर वाचविण्यात पटाईत. आळस आणि मन खचणे हे एकच असते तर त्यांनी दोन शब्द खर्चले नसते. पाठशाळेत आमच्या गुरुजींनी ही यादी आमच्याकडून घोकून घेतली, त्या वयात तिचा उपयोग काय हे आम्हांस कळले नव्हते. आज घरोघरी तिचा उपयोग आहे.

दोहोंतला फरक ओळखायचा कसा? आळशाला काम नको असते, पण सुख हवे असते. जत्रा म्हटली की तो पुढे, लग्नात पंगतीला पहिला, गप्पांना दुपारपासून पारावर हजर. ज्याचे मन खचले आहे त्याची कामाबरोबर सुखाचीही वासना जाते. आवडते जेवण समोर आले तरी हात चालत नाही. सणाच्या दिवशी तो अधिकच आत जातो. झोप बिघडते, अंग जड होते, आपण कोणाच्या कामाचे नाही असे मनात घोळत राहते. मुलांत तर पुष्कळदा रडण्याऐवजी चिडचिड दिसते, म्हणून घरच्यांना वाटते की पोरगं माजलं. असे दोन आठवडे किंवा अधिक सतत चालले तर तो आजार समजून दाखवावा, असे आजचे वैद्य सांगतात. खाटेवर पडलेला मुलगा पाहून, याला जत्रेला जावेसे वाटते का, एवढा एकच प्रश्न त्या गावाने पंधरा वर्षांपूर्वी स्वतःला विचारला असता तर काठी उचलली गेली नसती.

आणि गीता म्हणाल, तर गीतेचा आरंभच मुळी अशा खचलेल्या माणसापासून आहे. गात्रे गळाली आहेत, तोंड कोरडे पडले आहे, धनुष्य हातातून सुटते आहे, उभे राहवत नाही. पहिल्या अध्यायाला नावच अर्जुनविषादयोग. विषादालाही योगाच्या पंक्तीस बसविणारा हा एकच ग्रंथ आम्हांस ठाऊक आहे. आता पुढे काय होते ते नीट पाहावे. दुसऱ्या अध्यायाच्या तोंडाशी भगवंत अर्जुनाला रागावतात. हे तुला शोभत नाही, दुबळेपणा टाक, ऊठ, असे दोन श्लोक आहेत. आमचे बरेचसे आईबाप, शिक्षक आणि, खरे सांगायचे तर, कीर्तनकारही या दोन श्लोकांतच गीता संपली असे धरून चालतात. पण त्या दोन श्लोकांनी झाले काय? अर्जुन उठला का? नाही. त्याने आपले दुःख पुन्हा सांगितले, मी लढणार नाही म्हणाला, आणि गप्प बसला. रागावण्याचा उपाय साक्षात भगवंतांच्या तोंडून झाला आणि लागू पडला नाही. त्यानंतर मग ते हसतमुख होऊन बोलू लागले, आणि सतरा अध्याय बोलत राहिले. मध्ये त्याने शंका विचारल्या, तीच शंका पुन्हा विचारली, तरी कंटाळले नाहीत. शेवटीसुद्धा, सर्व विचार कर आणि तुला वाटेल तसे कर, असे म्हणून निवड त्याच्यावर सोडली. ज्ञानोबारायांनी या सातशे श्लोकांवर नऊ हजारांवर ओव्या घातल्या. रागावण्याच्या वाट्याला त्यातले किती आले, ते वाचकांनी पोथी काढून पाहावे.

कोणी म्हणेल, अखेर अर्जुन लढलाच ना? होय, लढला. काम हेच शेवटी साधायचे आहे, हे आम्हांस मान्य आहे. आमचे म्हणणे क्रमाविषयी आहे.

गांधीजींच्याच चरित्रात याचा दाखला आहे. बारा-तेरा वर्षांचे असताना, प्रत्येक गोष्टीला मोठ्यांची परवानगी लागते या असह्य भावनेने, त्यांनी आणि त्यांच्या एका नातलग सोबत्याने जीव देण्याचे ठरविले होते. रानातून विषारी बिया आणल्या, संध्याकाळी देवळात दर्शन घेतले, आणि धीर खचला. मग मन शांत करण्यासाठी दोघे रामजीच्या मंदिरात गेले. आत्मकथेत हे त्यांनी उघड लिहिले आहे. त्याच जागी ते असेही लिहितात की, या अनुभवामुळे कोणी जीव देण्याची भाषा केली तर त्याचा आपल्यावर फारसा परिणाम होत नाही. येथे आमचे त्यांच्याशी जुळत नाही. अशा बोलण्याकडे दुर्लक्ष करू नये, ते खरे मानून त्या मुलाजवळ बसावे आणि त्याला वैद्याकडे न्यावे, हेच आज अनुभवाअंती ठरले आहे. वर्धा हा २००६ साली शेतकरी आत्महत्यांमुळे केंद्राने खास मदत दिलेल्या विदर्भाच्या सहा जिल्ह्यांपैकी एक. या जिल्ह्यात तरी कोणाचे असे बोलणे हवेत सोडू नये. २०१७ च्या कायद्याने अशा प्रयत्नातून वाचलेल्या माणसाकडे गुन्हेगार म्हणून न पाहता, तो मोठ्या मानसिक ताणाखाली होता असे धरण्याचे ठरविले आहे. कायद्याने एवढी समजूत दाखविली, आता घराने दाखवायची आहे.

आता त्या बापाच्या खऱ्या प्रश्नाकडे येऊ. पंधराव्या वर्षीचे दुःख तिसाव्या वर्षी सरकारी अनुदानापर्यंत कसे पोचते? नॉर्वे आणि कॅनडा या देशांत शाळकरी मुलामुलींना त्यांच्या मनःस्थितीविषयी विचारून नोंदी करून ठेवल्या, आणि ती मुले मोठी झाल्यावर सरकारी दप्तरातून त्यांचे पुढे काय झाले ते पाहिले. ज्यांची कुमारवयात उदासी अधिक होती, त्यांच्यावर मोठेपणी सरकारी मदतीवर जगण्याची पाळी इतरांपेक्षा अधिक आली. घरची गरिबी, आईबापांचे शिक्षण हे हिशेबात धरूनही हा संबंध उरला. याचा अर्थ असा नव्हे की असे प्रत्येक मूल पुढे परावलंबी होते. पुष्कळ मुले सावरतात, कमावती होतात. म्हणून याला प्रारब्ध म्हणून हात झटकण्याची सोय नाही.

साखळी कशी जोडली जाते ते आमच्या त्या घरातच पाहा. झोप गेली म्हणून शाळा बुडाली. शाळा बुडाली म्हणून परीक्षा हुकली. परीक्षा हुकली म्हणून दाखला नाही, दाखला नाही म्हणून नोकरीचा अर्ज नाही. बरोबरीची मुले पुढे गेली, त्यांची लग्ने झाली, त्यांच्यासमोर जायची लाज वाटू लागली. लाजेने घराबाहेर पडणे बंद झाले, आणि जो घराबाहेर पडत नाही त्याला मजुरीलाही कोणी बोलावीत नाही. यातली एकेक कडी त्या त्या वेळी बोटाने सोडविता आली असती. दहा वर्षांनी तिला गंज चढलेला असतो. आपल्या देशात २०१५-१६ साली बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने बारा राज्यांत पाहणी केली, तीत तेरा ते सतरा वयाच्या दर शंभर मुलांमागे सुमारे सातांना मनाचा कोणता ना कोणता विकार आढळला. म्हणजे तीस-चाळीस मुलांच्या वर्गात दोन-तीन. शिक्षकांनी हजेरी घेताना एवढे जरी ध्यानात ठेवले तरी पुष्कळ.

आणि अनुदान म्हणजे तरी किती? संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० पासून महाराष्ट्रात आहे. तिची रक्कम २०२३ साली महिना दीड हजार झाली, आणि दिव्यांगांसाठी २०२५ साली अडीच हजार करण्यात आली. मनाचा दीर्घ आजार हा २०१६ च्या कायद्याने दिव्यांगत्वात धरलेला आहे. अडीच हजार म्हणजे दिवसाला ऐंशी-पंच्याऐंशी रुपये. निंदणीला, फवारणीला जाणारा मजूर दिवसाला याच्या कितीतरी पट मिळवितो. एवढ्या पैशासाठी कोणी तरुणपण, लग्न, गावातली मानमान्यता आणि उभ्या जन्माची उमेद सोडून खाटेवर पडून राहील, हे हिशेबात तरी बसते का? फुकट्या म्हणणाऱ्यांनी हा सौदा स्वतः करून पाहावा.

धर्मदृष्ट्या या पैशाला दान म्हणावे की काय म्हणावे? आमच्या मते दान नव्हे. तीन ऋणे सर्वांना ठाऊक आहेत, देवांचे, ऋषींचे, पितरांचे. शतपथ ब्राह्मणात चौथे सांगितले आहे, मनुष्यांचे ऋण. माणसांना आसरा द्यावा, अन्न द्यावे, म्हणजे ते फिटते. दान घेणाऱ्याला मान खाली घालावी लागते. आपले येणे परत घेणाऱ्याला ती घालावी लागत नाही. पंधराव्या वर्षी ज्या मुलाला आपण, म्हणजे घर, शाळा, गाव, दवाखाना या सर्वांनी मिळून वाऱ्यावर सोडले, त्याचे देणे आपल्याकडे राहिले आहे. तिसाव्या वर्षी मिळणारे अडीच हजार ही त्या देण्याची फार उशिरा भरलेली आणि फार लहान अशी फेड आहे. चोर शोधायचाच असेल तर त्या हिशेबात कोण कोण निघतील ते पाहून घ्यावे.

हे ऐकून त्या बापाचे डोळे भरून आले. परंतु लगेच त्याने जे सांगितले त्याने आम्ही विचारात पडलो. म्हणाला, "मागच्या साली दोन दिस तो स्वताहून गोठा झाडत होता. मीच म्हनलं, नको करू. कोनी पाह्यलं तं पैसे बंद होतीन."

येथे दुसरी बाजू सुरू होते, आणि तीही तितक्याच स्पष्टपणे सांगितली पाहिजे. पैसा सुरू झाला की घराला एक चमत्कारिक भीती बसते, याने जरा हातपाय हलविले तर कागद रद्द होईल. मग बरे होणेच महाग पडते. पंधरा वर्षांनी ज्याच्या हाताने झाडू धरला, त्याचा झाडू घरच्यांनी काढून घेतला! गोठा झाडल्याने अनुदान जात नाही, हे त्या बापाला सांगायला कोणी नव्हते. पण सरकारी रिवाजातही सुधारणा हवी. दोन पावले चालू लागलेल्याची कुबडी त्याच दिवशी ओढून घेऊ नये, हळूहळू सोडवावी. ज्या महाराष्ट्राने वि. स. पागे यांच्या कल्पनेतून तासगाव तालुक्यात १९६५ साली रोजगार हमीचा प्रयोग केला, १९७७ साली त्याचा कायदा केला, आणि काम मागणे हा माणसाचा हक्क मानला, त्या महाराष्ट्राला हे अवघड नाही. हमीच्या कामावर धडधाकट माणूस जातो. जो अर्धाच धड आहे, आज दोन तास करील आणि उद्या येणार नाही, त्याच्यापुरते काम कोणाच्या हजेरीपटावर आहे?

आपल्या दिंडीत ते असते. कोणाकडे वीणा, कोणाच्या डोक्यावर तुळस, कोणी पाण्याचा हंडा घेते, कोणी नुसते टाळ धरून चालते. एखाद्याच्या पायाला फोड आले तर तो दोन मुक्काम मालमोटारीत बसतो, तेथे भाजी निवडतो, आणि बरे वाटले की पुन्हा रांगेत येतो. मालमोटारीत बसला म्हणून दिंडीच्या यादीतून त्याचे नाव कोणी खोडीत नाही, आणि तेथेच कायमचा बस असेही कोणी म्हणत नाही. पोटाला घालणे आणि रांगेत जागा राखून ठेवणे ही दोन वेगळी कामे आहेत. अनुदानाने पहिले होते, दुसरे होत नाही.

सेवाग्रामला १९३७ नंतर आर्यनायकम् दांपत्याने नई तालीमची शाळा उभी केली, तीत मुले सूत कातीत, बागेत काम करीत, आणि त्यातूनच गणित-भाषा शिकत. त्या पद्धतीचे गुणदोष विद्वान सांगतील. आम्हांला त्यातली एक गोष्ट मोलाची वाटते. ज्या शाळेत मुलाचे हात रोज शिक्षकांच्या नजरेपुढे असतात, तेथे एखाद्याचे हात थांबले तर ते त्याच आठवड्यात दिसते. नुसत्या गुणपत्रिकेत ते वर्षाअखेर दिसते.

मग घराने करायचे काय? आपल्या संप्रदायाला याचे उत्तर बाहेरून आणावे लागत नाही. ज्ञानोबा अजून पोरवयाचे होते. आईबाप गेलेले, संन्याशाची पोरे म्हणून गावाने दूर केलेले, भिक्षेला गेले तरी टोचून बोलणारी माणसे. अशाच एका दिवशी मन दुखावले आणि ते झोपडीची ताटी लावून आत बसले. ताटीचे अभंग सर्वांच्या मुखी आहेत, ते येथे लिहीत नाही. त्या वेळी दाराशी कोण आले हे मात्र ध्यानात घ्यावे. सर्वांत धाकटी बहीण आली. मुक्ताबाईने ताटी मोडली नाही, आणि उघडत नाहीस तर राहा तसाच, असे म्हणून निघूनही गेली नाही. ती बाहेर उभी राहून बोलत राहिली. त्याच्या थोरवीची त्यालाच आठवण देत राहिली. ज्ञानोबांसारख्यालाही ताटीच्या बाहेर कोणीतरी लागले, मग आमच्या दहावीच्या पोराची काय कथा!

कोणी म्हणेल, हे भाविकपणाचे बोलणे झाले. तर शेजारच्या अमरावती जिल्ह्यात काय झाले ते पाहा. तेथे तीस गावांत विश्राम नावाचा उपक्रम झाला. गावातल्याच साध्या माणसांना शिकवून तयार केले. ती घरोघर जाऊन बसत, बोलत, ऐकून घेत, आणि गरज पडेल त्याला डॉक्टरांकडे पोचवीत. आरंभी त्या गावांत उदासीने आजारी असलेल्या मोठ्या माणसांपैकी शंभरात चार जण उपचार घेत होते. दीड वर्षाने ते शंभरात सत्तावीस झाले. ताटीबाहेर उभे राहायला पदवी लागत नाही. आत गेल्यावर औषध द्यायला मात्र पदवी लागते, हेही विसरू नये. नामस्मरणाने मनाला बळ येते ही आमची श्रद्धा आहे, आणि म्हणूनच आम्ही सांगतो, औषध थांबवून नाम घ्या असे जो कोणी बुवा सांगेल त्याच्या वाऱ्यालाही उभे राहू नये. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात मनोविकाराचा स्वतंत्र विभाग आहे. ज्यांना तेथवर जाणे होत नाही त्यांच्यासाठी सरकारने २०२२ पासून १४४१६ हा दूरध्वनी ठेवला आहे. त्यावर दिवसा-रात्री केव्हाही, पैसा न लागता, मराठीत बोलता येते.

त्या बापाला आम्ही एवढेच सांगितले की, घरी जाऊन पोराचे पान आपल्या पानाशेजारी मांडा, खाटेवर ताट नेऊन ठेवू नका. यायला लागला तर येऊ द्या, नाही आला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा मांडा. गोठ्याचा झाडू हाताशी ठेवा. डॉक्टरांचे औषध चुकवू नका. आणि कोणी फुकट्या म्हटले तर त्याला आमच्याकडे पाठवा. तो उठला, पण जाता जाता म्हणाला, "आमच्या मागं याचं कोन, महाराज?" याचे उत्तर एका कीर्तनकाराजवळ नसते. ते त्या गावाजवळ असायला हवे.

आमचे एक कीर्तनकार स्नेही या विषयावर आमच्याशी भांडतात. त्यांचे म्हणणे, तुम्ही असे सांगू लागलात तर खरे आळशी या आडोशाला बसतील, त्यांचे काय? बसतील, काही जण निश्चित बसतील. चार खोटे कागद निघतील, ते पकडण्याचे काम तहसीलदारांनी करावे, त्यांना त्याचा पगार आहे. परंतु बारशीला उपास सोडण्याच्या पंगतीत आमचे स्नेही स्वतः कितीदा वाढायला उभे राहिलेले आहेत. हातात बुंदीची परात घेऊन ते प्रत्येकाला, तू काल खरोखर उपाशी होतास काय, असे विचारीत जात नाहीत. विचारू लागले तर पंगतीच्या टोकाला बसलेल्या म्हाताऱ्यापर्यंत वाढप पोचायला संध्याकाळ होईल.